जखमी किंवा आजारी मोठ्या माशाची शुश्रूषा: प्रथमच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

माझ्या ऑस्कर माशाची लांबी तेव्हा ३० सेंटीमीटर होती. एका रात्री खोलीतला दिवा अचानक लागला, मासा दचकला आणि टाकीच्या कोपऱ्यातील हीटरच्या पकडीवर जाऊन आदळला. सकाळी पाहिले तर त्याच्या डाव्या कुशीवर तीन बोटे रुंदीचा पट्टा खवले निघून गुलाबी पडला होता. मी घाबरून त्याला ४० लिटरच्या टबात हलवले, घरात होती ती दोन औषधे एकदम घातली आणि आपण वेळेवर उपचार सुरू केले या समाधानात राहिलो. तिसऱ्या दिवशी मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होता. जखम मात्र होती तशीच होती, किंबहुना थोडी सुधारलेलीच होती. पाणी तपासले तेव्हा अमोनियाचा, म्हणजे माशाच्या उत्सर्जनातून पाण्यात साचणाऱ्या विषाचा, रंग तक्त्यावरील शेवटच्या चौकटीपर्यंत पोहोचलेला दिसला. जखमेने माशाचे फारसे बिघडवले नव्हते. बिघडवले होते ते मी दिलेल्या टबाने.

तो मासा वाचला, पण त्यासाठी लागलेले सहा आठवडे निम्म्यावर आले असते, जर मला पुढील गोष्टी आधी ठाऊक असत्या. हा लेख ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, प्लेको, कोई, जायंट गौरामी, मोठे कॅटफिश अशा साधारण २० सेंटीमीटरच्या पुढच्या गोड्या पाण्यातील माशांसाठी आहे. लहान माशांसाठी लिहिलेले सल्ले या माशांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मोठा मासा खूप घाण करतो, त्याला खूप ऑक्सिजन लागतो, पकडताना तो स्वतःला आणि तुम्हालाही इजा करू शकतो, आणि त्याला ठेवायला ‘रुग्णालय’ही मोठेच लागते.

१. आधी पाहा, हात नंतर घाला

टाकीपासून थोडे दूर बसून दहा-पंधरा मिनिटे माशाकडे नुसते पाहा. जवळ उभे राहिलात तर मासा एक तर खाण्याच्या आशेने पुढे येईल किंवा भीतीने कोपऱ्यात जाईल, आणि दोन्ही वेळा त्याची खरी अवस्था कळणार नाही. पुढील गोष्टी कागदावर टिपून ठेवा.

कल्ल्यांची झाकणे मिनिटाला किती वेळा उघडतात ते घड्याळ लावून मोजा. मासा निरोगी असतानाचा आकडा हाताशी असेल तर तुलना सोपी होते. म्हणून हा लेख वाचत असताना तुमचा मासा ठणठणीत असेल, तर आजच तो आकडा मोजून टाकीच्या बाजूला चिकटवून ठेवा. दोन्ही बाजूंची झाकणे सारखी हलतात का, की एक बाजू बंद ठेवून मासा दुसरीनेच श्वास घेतो आहे, हेही पाहा. पर पसरलेले आहेत की अंगाला चिकटवलेले आहेत, मासा सरळ तरंगतो आहे की कलला आहे, वस्तूंवर अंग घासतो आहे का, विष्ठा नेहमीसारखी आहे की पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे, हे सर्व लिहा.

डोळा बाहेर आला असेल तर तो एक आहे की दोन्ही, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एकच डोळा सुजला असेल तर बहुतेक वेळा आदळल्याची इजा असते. दोन्ही डोळे सुजले असतील तर बिघाड शरीराच्या आत किंवा पाण्यात शोधावा लागतो. पोट फुगून खवले छपरावरची कौले उचकटावीत तसे उभे राहिले असतील, तर मूत्रपिंडे आणि इतर अवयव बिघडल्याची ती खूण असते. अशा माशाच्या बाबतीत आशा कमी असते आणि वेळही कमी असतो.

येथे ऑस्कर पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. हा मासा रुसतो. पाणी बदलले, सजावट हलवली किंवा सोबतचा मासा काढला, तर तो चक्क तळाशी आडवा पडून राहतो आणि पाहणाऱ्याचे धाबे दणाणते. श्वास नेहमीच्या गतीने चालू असेल, रंग टिकून असेल आणि अंगावर कोणतीही खूण नसेल, तर त्याला काही तास तसेच पडू द्या.

२. पाणी तपासा, आणि निकाल काहीही असो, तो लिहून ठेवा

औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी अमोनिया, जिवाणू त्याचे रूपांतर करतात ते नायट्राइट आणि नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचे माप) आणि तापमान या पाच गोष्टी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, आणि आजारी माशासाठी शक्यतो २० च्या खाली असावे. पट्ट्यांपेक्षा थेंबांचे टेस्ट किट अधिक भरवशाचे असते.

अमोनियाचा आकडा पीएच आणि तापमान यांच्यासोबतच वाचायचा असतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी, मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे तोच आकडा सुमारे दहापट घातक ठरतो. त्यामुळे ज्यांचे पाणी मुळातच अल्कधर्मी आहे, त्यांनी ‘थोडासाच तर अमोनिया आहे’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

नायट्राइटची तऱ्हा निराळी आहे. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता काढून घेते. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा धापा टाकतो आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. पाण्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून अडवते, म्हणूनच अशा वेळी साधे मीठ उपयोगी पडते.

अमोनिया किंवा नायट्राइट आढळले, तर त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवे पाणी क्लोरिनमुक्त आणि जवळपास त्याच तापमानाचे असावे. अनेक तक्रारी एवढ्यानेच दोन-तीन दिवसांत निवळतात आणि पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

सापळा: पाणी घाण दिसते म्हणून त्याच दिवशी फिल्टरही खळखळून धुणे. फिल्टरमधील स्पंजावर अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेले असतात. नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली तो स्पंज धुतला, तर आजारी माशाच्या टाकीत दुसरे संकट तुम्हीच आणता. धुणे भागच असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्या.

३. मासा हलवायचा की नाही, हे ठरवा

मासा दिसायला आजारी वाटला की त्याला वेगळे करायचे, असा सरसकट नियम मोठ्या माशांच्या बाबतीत चालत नाही. पकडणे, उचलणे आणि अनोळखी जागी टाकणे हा त्यांच्यासाठी फार मोठा धक्का असतो. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा मासा आहे तेथेच ठेवणे अधिक हिताचे ठरले.

इजा भांडणातून झाली असेल, तर जखमी माशाऐवजी मारकुट्या माशाला बाहेर काढण्याचा विचार आधी करा. जखमी मासा त्याच्या सवयीच्या पाण्यात राहतो, पिकलेल्या, म्हणजे जिवाणू पुरेसे वाढलेल्या, फिल्टरचा लाभ त्यालाच मिळतो आणि पकडापकडीचा ताण धडधाकट माशाच्या वाट्याला जातो. दुसरी टाकी नसेल, तर छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या फळीने टाकीचे दोन भाग करा. मात्र मोठा मासा फळीला धडक देतो, म्हणून ती दोन्ही बाजूंनी पक्की अडकवा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, म्हणजे ‘इच’ हा रोग असेल, तर एकट्या माशाला हलवून काही साधत नाही. त्या परजीवीच्या आयुष्याचा एक टप्पा टाकीच्या तळाशी जातो. उपचार संपूर्ण टाकीवरच करावा लागतो.

हलवावे ते पुढील परिस्थितीत: सोबतचे मासे जखमेला टोचत असतील, औषध मूळ टाकीतील वनस्पतींना, गोगलगायींना किंवा फिल्टरला मारक असेल, किंवा एकाच माशाला मिठाचे प्रमाण जास्त द्यायचे असेल आणि सोबत्यांना ते सोसणारे नसेल.

४. उपचार-टाकी उभी करा

लागणारे साहित्य असे:

- ३० सेंटीमीटरच्या माशासाठी किमान २०० लिटर पाणी मावेल अशी टाकी किंवा खाद्यपदार्थ साठवण्यायोग्य दर्जाचा मोठा प्लॅस्टिकचा टब. मासा कोठेही न घासता वळू शकला पाहिजे
- मूळ टाकीत किमान चार-सहा आठवडे चाललेला स्पंज फिल्टर
- एअर पंप, आणि शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा एक राखीव पंप
- संरक्षक जाळी असलेला हीटर आणि स्वतंत्र थर्मामीटर
- वजन ठेवता येईल असे झाकण
- मासा आत शिरू शकेल एवढ्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत केलेला
- क्लोरिन काढणारे द्रावण, टेस्ट किट, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा
- या टाकीसाठीच राखून ठेवलेली बादली, नळी आणि हातमोजे

तळाशी वाळू किंवा खडे घालू नका. मोकळ्या तळावर विष्ठा आणि उरलेले खाणे लगेच दिसते आणि नळीने ओढून घेता येते. पहिले पाणी मूळ टाकीतलेच भरावे, अर्थात त्या पाण्यातच दोष नसेल तर. प्रकाश मंद ठेवा आणि टबाच्या तीन बाजूंना गडद कापड लावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु माझ्या ऑस्करने दुसऱ्या खेपेला कापड लावल्यानंतर तासाभरातच परांची उघडझाप सुरू केली होती. पहिल्या खेपेला तो तीन दिवस पर आवळून बसला होता.

स्पंजाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण सगळा डाव तेथेच जिंकला किंवा हरला जातो. नवा कोरा स्पंज फिल्टर पहिले काही आठवडे जिवाणूंच्या दृष्टीने रिकामा असतो. त्यातून पाणी फिरते, पण अमोनिया पचत नाही. म्हणून मूळ टाकीच्या एका कोपऱ्यात एक जादा स्पंज कायम चालू ठेवावा. तसा तयार नसेल, तर मूळ फिल्टरमधील थोडे माध्यम जाळीच्या पिशवीत घालून उपचार-टाकीत लोंबकळत ठेवा आणि रोज २५ ते ५० टक्के पाणी बदलण्याची मनाची तयारी करा. अमोनिया तात्पुरता बांधून ठेवणारी द्रावणे एक-दोन दिवस निभावून नेतात, पण ती पाणी बदलण्याला पर्याय नव्हेत. शिवाय ती घातल्यावरही काही टेस्ट किटांवर अमोनियाचा रंग दिसतच राहतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

तापमानाबाबत एक वैज्ञानिक वस्तुस्थिती लक्षात असू द्या: पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. ‘आजारी आहे, ऊब हवी’ म्हणून हीटर वाढवायचा असेल, तर हवेचा प्रवाहही वाढवा, आणि तापमान एका दिवसात एक-दोन अंशांपेक्षा अधिक बदलू नका.

५. पकडणे आणि उचलणे

साध्या जाळीत मोठा मासा पकडला की त्याचे खवले निघतात, पर फाटतात, आणि कॅटफिशचे काटे जाळीत अडकले तर जाळी कात्रीने कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याऐवजी जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा खोलगट टब पाण्यात बुडवा, माशाला हळूहळू त्यात वळवा आणि पाण्यासकटच उचला. आधी पाण्याची पातळी निम्म्यावर आणा, सजावट बाहेर काढा, खोलीतला उजेड कमी करा. दोन माणसे असावीत. ३० सेंटीमीटरचा मासा पाण्यासकट उचलताना हातात किती वजन येते, याची कल्पना प्रत्यक्ष उचलेपर्यंत येत नाही.

हाताने धरणे टळत नसेल, तर हात टाकीच्या पाण्यातच ओले करा, एक तळवा छातीखाली आणि दुसरा शेपटीच्या बुंध्याखाली ठेवा. कोरडा हात किंवा टॉवेल अंगावरचे बुळबुळीत आवरण पुसून काढतो, आणि ते आवरण हीच माशाची रोगजंतूंविरुद्धची पहिली तटबंदी असते. शेपटीला धरून कधीही उचलू नका, आणि कल्ल्यांत बोटे घालू नका. ओल्या मऊ कापडाने डोळे झाकले तर बरेचसे मासे शांत होतात. पाण्याबाहेरचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा. भूल देणारी द्रव्ये स्वतःच्या अंदाजाने वापरू नका. त्यांतील योग्य मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांतील अंतर थोडे असते.

टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप यांची वीज बंद करा. हातावर चीर किंवा ओरखडा असेल तर हातमोजे अवश्य घाला, कारण मत्स्यालयाच्या पाण्यातील काही जिवाणूंमुळे माणसाच्या त्वचेला दीर्घकाळ टिकणारा संसर्ग होऊ शकतो.

६. मीठ: किती, कधी आणि कोणाला नाही

गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार पुष्कळ अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरत राहते आणि मासा ते मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. त्वचा फाटली की हा ओघ वाढतो आणि जखमी माशाची बरीचशी शक्ती यातच खर्च होते. पाण्यात थोडे मीठ घातले की हा फरक कमी होतो आणि वाचलेली शक्ती जखम भरण्याकडे वळते. मिठाचा खरा उपयोग हा आहे. ते सर्वरोगहारक औषध नव्हे.

लिटरला १ ग्रॅम म्हणजे ०.१ टक्का. २०० लिटरसाठी २०० ग्रॅम झाले. साध्या जखमेसाठी ०.१ टक्क्यापासून सुरुवात करून, गरज वाटल्यास आणि मासा सोसत असल्यास एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने ०.३ टक्क्यापर्यंत, म्हणजे ६०० ग्रॅमपर्यंत जाता येते. मीठ सुगंधी द्रव्ये किंवा इतर मिश्रणे नसलेले, साधे असावे. ते बादलीत पूर्ण विरघळवून मगच हळूहळू ओता. माशाच्या अंगावर पडलेला मिठाचा खडा भाजल्यासारखी जखम करतो.

हिशेबात सर्वाधिक घोळ पाणी बदलताना होतो. ०.३ टक्के मीठ असलेल्या २०० लिटरमधून ५० लिटर पाणी काढले, तर त्यासोबत १५० ग्रॅम मीठ गेले. नव्या ५० लिटरमध्ये तेवढेच घालायचे, पुन्हा ६०० ग्रॅम नाही. वाफ होऊन पाणी कमी झाले असेल तर मात्र मीठ गेलेलेच नसते, म्हणून अशा वेळी नुसते पाणी भरायचे.

खवले नसलेले बरेचसे कॅटफिश आणि लोच मासे मिठाला नाजूक असतात; त्यांना ०.१ टक्कासुद्धा निरीक्षणाखालीच द्यावे. पाण्यातील वनस्पतींनाही मीठ मानवत नाही. आणि एप्सम सॉल्ट हे नावाने मीठ असले तरी ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. सूज किंवा बद्धकोष्ठ यांसाठी त्याचा वापर होतो, पण वर सांगितलेले काम ते करत नाही.

७. जखम वाचायला शिका

रोज एकाच कोनातून, एकाच प्रकाशात जखमेचे छायाचित्र घ्या. डोळ्यांना वाटणारा फरक आणि खरा फरक यांत बरेच अंतर असते.

माशाची बाह्यत्वचा जखमेवर आश्चर्य वाटावे इतक्या लवकर सरकते. पहिल्या एक-दोन दिवसांत जखमेवर आलेला पातळ, गुळगुळीत, धुरकट पांढरा पापुद्रा बहुधा चांगलेच लक्षण असते. नवखी माणसे नेमकी त्यालाच बुरशी समजून औषध ओततात. मीही तेच केले होते. बुरशी मात्र कापसासारखी असते: तिचे तंतू पाण्यात हलताना दिसतात आणि ती पृष्ठभागापासून वर उठलेली असते. फाटलेल्या परांची कड पारदर्शक, काचेसारखी दिसू लागली, तर नवी वाढ सुरू झाली आहे. कड लाल, काळवंडलेली किंवा रोज मागे सरकत असेल तर पर सडत आहेत. पर अगदी बुंध्यापर्यंत गेले असतील तर ते पूर्ववत येतीलच असे नाही. खवले पुन्हा येतात, मात्र त्यांचा रंग आणि मांडणी कधी कधी थोडी वेगळी राहते. माझ्या ऑस्करच्या कुशीवरचा पट्टा आजही बाकी अंगापेक्षा किंचित गडद आहे.

एका रोगाबाबत विशेष सावध राहा. कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा संसर्ग तोंडावर किंवा पाठीवर राखाडी-पिवळट चट्ट्यासारखा दिसतो, पाठीवर तो खोगिरासारखा पसरतो, आणि लांबून पाहणाऱ्याला बुरशीच वाटतो. तो उष्ण पाण्यात अधिक वेगाने पसरतो. ‘इच’मध्ये मात्र तापमान थोडे वाढवल्याने परजीवीचे चक्र लवकर पुढे सरकते आणि औषधाला वाव मिळतो. म्हणजे एका रोगात जी गोष्ट उपकारक, तीच दुसऱ्यात घातक. ठिपका आहे की चट्टा आहे, हे कळल्याशिवाय हीटरच्या बटणाला हात लावू नका. चट्टा एका दिवसात डोळ्यांदेखत वाढत असेल, तर वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी जलचरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला गाठा.

डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडून ते हळूहळू मोठे होत असतील, तर कारण बहुधा दीर्घकाळ साचलेले नायट्रेट, एकसुरी आहार आणि आतड्यातील परजीवी यांच्या मिश्रणात असते. ही दुखणी आठवड्यांत नव्हे, तर महिन्यांत बरी होतात.

८. औषध द्यायचेच असेल तर

एका वेळी एकच औषध द्या. दोन औषधे एकत्र केल्यावर मासा सुधारला तर कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर कशामुळे बिघडला तेही कळत नाही.

आधी पाण्याचे खरे माप काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागा. १२० गुणिले ४५ गुणिले ४० म्हणजे २१६ लिटर. टाकीवर लिहिलेल्या क्षमतेवरून मात्रा ठरवू नका, कारण टाकी काठोकाठ भरलेली नसते आणि वाळू-दगडही जागा घेतात.

फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवा, अन्यथा तो औषध शोषून घेईल. मिथिलीन ब्लू फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना मारक ठरते आणि टाकीच्या सिलिकॉनच्या सांध्यांना कायमचा निळा रंग देते. फॉर्मेलिन पाण्यातील ऑक्सिजन घटवते आणि माणसालाही अपायकारक असते. तांबेयुक्त औषधांत मात्रेची चूक जराही खपत नाही. प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. अर्धवट दिलेले प्रतिजैविक त्या माशाचे भले करत नाहीच, वर जिवाणूंना निर्ढावून ठेवते. बाटलीवर सांगितलेला कालावधी पूर्ण करा. ‘इच’ची औषधे परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतात, म्हणून अंगावरचे ठिपके गेले तरी आणखी काही दिवस उपचार चालूच ठेवावे लागतात. तेथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि आठवड्याभराने ठिपके परत येतात.

९. खाणे

मोठा, मुळात धष्टपुष्ट मासा आठवडाभर काहीही न खाता निभावतो. पहिले दोन-तीन दिवस खाणे देऊच नका. पाणी स्वच्छ राहील. नंतर नेहमीच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा. पाच-दहा मिनिटांत न खाल्लेले अन्न काढून टाका. मासा घास तोंडात घेऊन थुंकत असेल तर भूक आहे, पण तोंडाला किंवा घशाला काही झाले आहे असे समजा आणि खाण्याचे दाणे भिजवून मऊ करून द्या.

भूक चाळवावी म्हणून जिवंत छोटे मासे टाकण्याचा मोह टाळा. त्यांच्यासोबत परजीवी येतात, आणि गोल्डफिशसारख्या माशांत थायामिनेज हे विकर असते. असा आहार नेहमीचा झाला तर माशाच्या शरीरातील ब१ जीवनसत्त्व नष्ट होते.

१०. नोंदवही आणि पशुवैद्याकडे न्यायची माहिती

रोज एका ओळीत तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, श्वासांची संख्या, किती पाणी बदलले, काय खाल्ले आणि काय औषध दिले, एवढे लिहा. पशुवैद्याशी बोलताना हीच वही सर्वांत उपयोगी पडते. तिच्याशिवाय टाकीचे माप, ती किती काळ चालू आहे, गेल्या महिन्यात कोणता नवा मासा आणला, आणि जखमेची तारीखवार छायाचित्रे तयार ठेवा. माशाच्या श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ शब्दांपेक्षा अधिक सांगतो.

श्वासांची संख्या नेहमीच्या दीडपट झाली, मासा उलटा तरंगू लागला, किंवा सुधारणा सुरू होऊन पुन्हा घसरण झाली, तर प्रथम पाणी तपासा आणि मगच औषध बदलण्याचा विचार करा. सर्व करूनही मासा तोल सावरू शकत नसेल, आठवड्यांमागून आठवडे खात नसेल आणि खंगत चालला असेल, तर वेदनारहित मृत्यूविषयी पशुवैद्याशी मोकळेपणाने बोला. जिवंत मासा गोठवणे किंवा गटारात सोडणे हे क्रौर्य आहे, आणि बरा झालेला असो वा आजारी, पाळीव मासा नदी-तळ्यात सोडणे तेथील जलचरांच्या जिवावर उठणारे आहे. औषध घातलेले पाणीही नैसर्गिक प्रवाहात ओतू नये.

११. मूळ टाकीत परत नेणे

जखमेवर पूर्ण त्वचा आली, मासा सलग आठवडाभर नेहमीसारखा खातो आहे आणि श्वास पूर्वीच्या आकड्यावर आला आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच परतीचा विचार करा. मीठ असेल तर तीन-चार दिवसांच्या पाणीबदलांत ते उतरवा. या काळात नव्या पाण्यात मीठ घालायचे नाही, एवढेच करायचे.

ज्या कारणाने इजा झाली ते कारण टाकीतून आधी दूर करा. मी हीटर जाळीच्या आवरणात घातला, टोकदार दगड काढून टाकले आणि खोलीतला दिवा लावण्यापूर्वी काही मिनिटे कोपऱ्यातला मंद दिवा लावण्याची सवय लावून घेतली. उडी मारणाऱ्या माशांच्या टाकीवरील झाकणाला वजन ठेवा.

सोबतचे मासे असतील तर परतीच्या दिवशी दगड-लाकडांची जागा बदला, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात आणि परतलेला मासा घुसखोर ठरत नाही. तापमान आणि पीएच जुळवण्यासाठी मूळ टाकीचे पाणी अर्धा-पाऊण तास थोडे थोडे करून उपचार-टाकीत मिसळा, मग मासा संध्याकाळी, दिवे मालवल्यानंतर हलवा. त्या दिवशी खाणे देऊ नका. पहिला तासभर मात्र समोर बसून राहा: एक-दोनदा गाल फुगवून दाखवणे, अंगावर धावून जाणे चालायचेच, पण एकच मासा सतत मागे लागला तर फळी लावून पुन्हा आठवडाभर वेगळे करा.

मासा संसर्गाने नव्हे तर केवळ जखमेने आजारी होता आणि कोणतेही औषध वापरले नव्हते, तर उपचार-टाकीतला स्पंज मूळ टाकीच्या कोपऱ्यात पुन्हा चालू करून ठेवा. संसर्ग झालेला असेल तर तो स्पंज फेकून द्या, टब, नळी आणि बादली धुऊन पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळवा, आणि मूळ टाकीत त्याच दिवशी दुसरा स्पंज लावा, कारण तो पिकायला पुन्हा चार-सहा आठवडे लागणार आहेत.